‘वन्यजीव : निरंक’

प्रति,
सड्याच्या जमिनींचं काय करायचं हे ठरवणारे सर्व अधिकारी,
आणि त्यांच्या कागदाला ठराव जोडणारी आमची ग्रामपंचायत

सा. न. वि. वि.

गेल्या ग्रामसभेत आमच्या वरच्या सड्याचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट कातळाचा, स्थळपाहणी अहवाल वाचून दाखवला गेला. बहुतेकांचं लक्ष चहाकडे होतं. माझं नव्हतं, कारण त्यातल्या एका गटाच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. अहवालातले रकाने असे : झाडोरा – निरंक. पाण्याचा स्रोत – निरंक. वन्यजीव – निरंक. शेवटी शेरा : ‘सदर क्षेत्र पडीक कातळ असून पोटखराबा आहे. चिरेखाण व गोदामाकरिता देण्यास हरकत दिसून येत नाही.’ पोटखराबा म्हणजे शेतीला अयोग्य म्हणून नोंदलेली जमीन. पाहणीचा महिना मे. वेळ दुपारी साडेबारा.

मे महिन्यात दुपारी साडेबाराला सड्यावर मीसुद्धा निरंक असते.

तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कुणा एका साहेबांची तक्रार करायला हे पत्र नाही. ज्यांनी पाहणी केली ते उन्हात चालून वर गेले, हेही मला माहीत आहे. खाली बसून कागद भरणारेही असतात. पण तो ‘निरंक’ मला गप्प बसू देत नाही, आणि तो खोडावा म्हणून हे चार लोकांसमोर लिहिते आहे.

मी कोण, ते आधी सांगते. वय एकसष्ट. घर सड्याच्या उतारावर, पडवीत बसलं की कातळाची कड दिसते. यजमान होते तेव्हा आम्ही दोघांनी त्या कातळावर सुरुंग लावून साठ खड्डे पाडले, खालची माती ट्रॉलीने वर नेऊन भरली आणि हापूसची कलमं लावली. त्या कलमांवर दोन मुलांची शिक्षणं झाली. माझ्या घराचा चिराही याच सड्यातला. भांडायला निघालेली बाई धुतल्या तांदळासारखी आहे असा कुणाचा समज व्हायला नको, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

सहा वर्षांपूर्वी एक अभ्यासक मुलगी पावसाळाभर आमच्या पडवीला राहिली, आणि पुढच्या वर्षी परत आली. बेडूक, साप, पाली यांचा तिचा अभ्यास. सकाळी रेनकोट चढवून सड्यावर जायची, सुटे दगड एकेक करून उचलायची, खाली बघायची, वहीत लिहायची आणि दगड होता त्याच खाचेत, होता त्याच अंगावर परत ठेवायची. दिवसभर हेच. शेजारच्या भावजींना तर गुप्तधनाची शंका आली होती. एक दिवस तिचा डबा घेऊन मी वर गेले, आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे सगळं शिरलं.

जुलैचा दुसरा आठवडा होता. परातीएवढा जांभ्याचा दगड. तिने लोखंडी आकड्याने त्याची एक कड उचलली. फुरशाच्या भीतीने हात कधी घालायची नाही. खाली ओली तांबडी माती, वाळवीच्या नळ्या, आणि त्यात जांभळट करड्या रंगाची एक दोरी पडलेली. पेन्सिलीहून बारीक, वीतभर लांब, तेल लावल्यासारखी चकचकीत. मी म्हटलं, गांडूळ. ती म्हणाली, “काकी, तोंड बघा.” वाकून पाहिलं तर खरंच तोंड होतं, जबड्यासकट. डोळ्यांच्या जागी मात्र काही दिसेना. अंगभर बांगड्या भरल्यासारख्या कड्या. मी नीट बघेपर्यंत त्या प्राण्याने डोकं मातीत रोवलं आणि पाचर ठोकावी तसा तो आत गेला. शेवटचं टोक तेवढं क्षणभर हललं. तिने दगड खाली ठेवला आणि वहीत वेळ लिहिली.

ते होतं देवगांडूळ. नाव गांडुळाचं, दिसणं सापाचं, आणि नातं बेडकाशी. पाय नसलेला हा उभयचर प्राणी बहुतेक आयुष्य जमिनीखाली काढतो. माती फोडायची म्हणून कवटी हाडांनी घट्ट जोडलेली असते. अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही, म्हणून ते कातडीखाली किंवा हाडाखाली दडलेले. त्यांच्या बदल्यात डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक बारीकशी स्पर्शिका असते, ती बाहेर काढून तो आजूबाजूचा वास घेतो. अशी स्पर्शिका पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला नाही. जगात देवगांडुळांच्या दोनशेहून थोड्या जास्त जाती आहेत, भारतात चाळिसाच्या आसपास. आमच्याकडे कुदळीखाली आलं की मांडुळाचं पिल्लू समजून त्याचे दोन तुकडे करतात. मीही केलेत.

आता जे लिहिते ते कृपया सावकाश वाचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून 2003 मध्ये देवगांडुळाची एक नवी जात शास्त्राला कळली. देवगांडुळांवर आयुष्य घालवलेले भारतीय प्राणिशास्त्रज्ञ शेषाचार यांच्या नावावरून तिला गेगेनिओफिस शेषाचारी असं नाव मिळालं. आणि 2008 मध्ये डेव्हिड गॉवर, वरद गिरी, महेश धारणे आणि योगेश शौचे यांनी शोधनिबंधातून जाहीर केलं की ही जात जिवंत पिल्लांना जन्म देते. संपूर्ण आशियात असं करणारा हा पहिलाच ज्ञात उभयचर. बेडूक पाण्यात अंडी घालतो, बेडूकमासे पाण्यात वाढतात, हे आपण शाळेत शिकलो. देवगांडुळांच्या काही जाती ओल्या मातीत अंडी घालून त्यांच्याभोवती वेटोळं करून बसतात. आणि ही जात अंडी बाहेर टाकतच नाही. सड्यावर पडलेलं पाणी एक तर कातळात मुरतं, नाही तर पऱ्याने खाली धावतं. अशा जागी पिल्लं पोटातच वाढवणं शहाणपणाचं, असं माझं आपलं अडाणी मत. शास्त्रज्ञ इतकं सोपं करून सांगत नाहीत.

पोटखराबा या शब्दातलं पोट म्हणजे पोटहिस्सा, हे मला कळतं. तरीही त्या सड्यावर हा जीव पोटात पिल्लं वाढवतो आहे, आणि कागदावर त्याच जमिनीचं पोट खराब आहे. मी कागद वाचते तेव्हा मला दर वेळी हेच आठवतं.

ही एकच जात नाही. 2003 ते 2007 एवढ्या काळात आंबोली, कोयनेजवळचं हुंबरळी, गोव्यातलं बोंडला आणि सत्तरीतलं केरी अशा गावांतून देवगांडुळांच्या नव्या जाती नोंदल्या गेल्या. म्हणजे आपण चंद्रावर यान पाठवायला लागलो होतो, तेव्हा पायाखाली कोण राहतं हे नुकतं कुठे कळू लागलं होतं.

मग डबकी. मृगाचा पाऊस पडला की कातळाच्या खळग्यांत पाणी साठतं. आठवड्याभराने त्यात वाकून पाहा. पारदर्शक, नखाएवढी, कोळंबीसारखी जनावरं पोट वर आणि पाठ खाली करून पोहत असतात, पायांची पिसं हलवत. दहा दिवसांपूर्वी तिथे तापलेला दगड होता. ती आली कुठून? त्यांची अंडी खळग्यातल्या मूठभर धुळीत उन्हाळाभर कोरडी ठणठणीत पडून राहतात, काही तर अनेक वर्षं. पाणी मिळालं की फुटायचं, भराभर वाढायचं, जोडी जमवायची, पुन्हा अंडी घालायची. डबकं आटायच्या आत सगळा संसार उरकायचा. यातल्या एका जातीला 2014 मध्ये स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस असं सह्याद्रीचंच नाव दिलं गेलं. आंबोलीच्या कातळावर 2009 मध्ये नोंदलेला वाघासारख्या पट्ट्यांचा भेकडाही (बेडकाचाच भाऊबंद) असाच, पहिल्या सरींनंतरच्या उथळ पाण्यात घाईघाईने अंडी घालणारा. मे महिन्यात त्या खळग्यावर बूट ठेवून उभ्या राहिलेल्या माणसाला तिथे धूळच दिसणार. त्या धुळीतच पुढचं वर्ष असतं.

आणि फुरसं. त्याच्या बाजूने बोलायला लाज वाटते, कारण आमच्या वाडीत त्याने माणसं नेली आहेत. इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं. तरी ते टिकलं. कसं, तर बघा : इतर साप फूत्कार टाकतात, त्यात श्वासाबरोबर ओलावा जातो. फुरसं अंगाचे करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं. इशाराही दिला जातो आणि पाणीही वाचतं. तापलेल्या जमिनीवरून ते आडवं आडवं सरकतं, त्यामुळे एका वेळी अंगाचा थोडाच भाग टेकतो. त्याच्या विषातल्या एका घटकाच्या धर्तीवर टिरोफिबॅन नावाचं औषध तयार झालं, हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून देतात ते. अहवालात निदान फुरशाचं नाव यायला हवं होतं. ते माहीत नसलेला माणूस कोकणात सापडणार नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, पाहणीच्या वेळेची. सड्याचं वर्ष मृगाला सुरू होतं आणि दिवाळीच्या सुमारास मिटतं. भाताची पाहणी तुम्ही मे महिन्यात करता का? मग सड्याची का? कुणी म्हणेल, पावसात वर गाडी जात नाही. बरोबर आहे, जात नाही. आम्ही चालतो.

दुसरी, पोटखराबा या शब्दाची. जमीन महसुलाच्या नियमांत हा शब्द शेतीला अयोग्य आणि म्हणून आकारणी नसलेल्या क्षेत्रासाठी आहे. शेतसारा लावायचा की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. पण कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाता जाता त्याचा अर्थ ‘शेतीला निरुपयोगी’वरून ‘निरुपयोगी’वर आला, आणि तिथून ‘रिकामी’वर. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मोजणीदाराने शेतीसाठी लिहिलेला शेरा वन्यजीवाच्या रकान्याला पुरावा म्हणून चालतो कसा, एवढं मला समजावून सांगावं.

तिसरी पाण्याची. ‘पाण्याचा स्रोत – निरंक.’ आमच्या नळपाण्याची विहीर सड्याच्या बरोबर खाली आहे. जांभा म्हणजे भोकांची चाळण. चार महिने पाऊस पितो आणि पायथ्याला झऱ्यांनी सोडतो. शेजारच्या गावात वर चिरेखाण झाली, खाली पन्नास फूट भिंतीसारखा खड्डा झाला, आणि तिथल्या बायका मार्चपासून टँकरची वाट बघतात. खाण हेच एकमेव कारण, असं मी छातीठोक सांगणार नाही. विचारायला तरी हवं होतं ना?

चौथी तक्रार जरा टोचेल. जैविक विविधता कायदा 2002 चा. त्यानुसार आमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, आणि लोक जैवविविधता नोंदवहीही आहे. मी ती मागून पाहिली. आंबा, फणस, काजू, गाय, म्हैस, मोर. सड्याचं पान कोरं. समितीत माझं नाव सदस्य म्हणून आहे, हे मला त्याच दिवशी कळलं. सही कुणाची आहे ते विचारलं नाही, गावात राहायचं आहे.

पाचवी, एका उत्तराची. अहवालाबद्दल विचारायला गेले तेव्हा मला अगदी चांगल्या शब्दांत सांगण्यात आलं : “बाई, कासच्या पठारासारखी फुलं असती तर काही तरी करता आलं असतं. आणि ते किडे-बिडे काय, शेजारच्या कातळावर जातील.” कासला मान मिळाला याचा मला आनंद आहे. 2012 मध्ये ते पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. पण फोटोत चांगलं दिसणं ही जगू देण्याची अट कधीपासून झाली? आणि शेजारच्या कातळावर जाणार कोण? ओल्या कातडीने श्वास घेणारं वीतभर देवगांडूळ, तापलेल्या डांबरी रस्त्यावरून? धुळीतली अंडी?

खरं तर याच सड्यांवर आणखी एक गोष्ट घडून गेली आहे, ती तुम्हाला चांगली ठाऊक आहे. कातळशिल्पं. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथली चित्रं वर्षानुवर्षं लोकांच्या पायाखाली होती. काहींना पांडवांची चित्रं म्हणून हात जोडत, काहींवरून गुरं जात. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि त्या कातळांना मान मिळाला. त्या चित्रांत हत्ती आहेत, मासे आहेत, पक्षी आहेत. कोरणाऱ्याला सडा निरंक दिसला नव्हता.

गाववाल्यांनाही दोन शब्द, कारण सगळं साहेबांवर ढकलणं सोपं असतं. गडगे घालायला आपण सड्यावरचे सुटे दगड वेचून आणतो. मीही आणले, कलमांभोवतीचा अख्खा गडगा तसाच उभा आहे. प्रत्येक दगडाखाली कुणाचं तरी छप्पर होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. वणवा लावू नका हे आपण निदान बोलतो तरी. दगडांबद्दल कुणी बोलत नाही.

मागण्या फार नाहीत, आणि त्यांतली एकही अशक्य नाही.

तो अहवाल रद्द करून पाहणी पुन्हा करा, मृग ते श्रावण या काळात, निदान दोनदा, त्यातली एक रात्री. सोबत उभयचर आणि सरपटणारे प्राणी ओळखणारा माणूस असू द्या, आणि गावचे दोघे-तिघे. तोपर्यंत वर जेसीबी जाऊ नये. यापुढे कुठल्याही सड्याच्या अहवालात ‘निरंक’ लिहायचं असेल तर कोणत्या महिन्यात, किती तास पाहिलं आणि कुणी पाहिलं हे त्याच रकान्यात लिहिणं बंधनकारक करा. या एका ओळीने अर्धं काम होईल.

पोटखराबा हा शब्द सारा लावण्यापुरता ठेवा, त्याला माझी हरकत नाही. पण मोठ्या सलग सड्यांची नैसर्गिक कातळ म्हणून वेगळी नोंद करा आणि जमीन देण्याआधी ती नोंद बघा.

पूर्ण सडा मागत नाही. गावाला चिरा लागतो, पोरांना रोजगार लागतो, मला माझी कलमं लागतात. डबकी, सुटे दगड आणि विहिरीवरचा भाग मिळून एक सलग तुकडा सोडा. याला वाट आहे. हिरण्यकेशीच्या उगमात 2020 मध्ये शिस्तुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जात नोंदली गेली, आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने आंबोलीतला तो 2.11 हेक्टरचा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. बोटभर माशासाठी सरकार हे करू शकतं, याचा मला अभिमान वाटला होता. त्याच कायद्याचं कलम 37 आमच्या सड्याला का लागू नये? प्रस्ताव ग्रामसभेतून द्यायला मी तयार आहे, मसुदा कुणी तरी नीट लिहून द्यावा. खासगी गट असतील त्यांचा मोबदल्याचा प्रश्न आहे. तो आधी सोडवा, मग सह्या मागा. माझ्या गटापुरतं सांगते, कलमांच्या वरचा सव्वा एकर मी मोबदल्याशिवाय तसाच ठेवीन. लेखी देते.

नोंदवहीचं कोरं पान भरायचं काम मी समितीची सदस्य म्हणून अंगावर घेते. त्या मुलीची वही आणि तिचे फोटो मिळवण्याची जबाबदारी माझी. पंचायतीने फक्त पान कोरं ठेवून सही मागू नये.

पुढची सुनावणी ऑगस्टमध्ये आहे असं कळलं. त्याआधी या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलात तर सगळ्यात बरं. गाडी देवळापर्यंत येते, पुढे वीस मिनिटं चढ आहे, पायवाट शेवाळलेली असते. गमबूट घाला, टॉर्च आणा, उघड्या हाताने काही उचलू नका. आकडा माझ्याकडे आहे. रात्रीचं जेवण माझ्याकडेच, नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं चालत असेल तर. उचललेला दगड मात्र होता तसाच, होता त्याच अंगावर परत ठेवायचा.

आपली,
सड्यावरच्या एका गटाची खातेदार, आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीची (आता माहीत असलेली) सदस्य